न लावलेलं कुंकू

मनुष्यजातीचा सगळा इतिहास हा टिकून राहण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. राजांनी दगडी किल्ले बांधले, मुनींनी हिमालयात जाऊन श्वास कोंडून धरला, इजिप्तच्या लोकांनी तर मेलेल्या माणसांना मसाले चोळून, फडक्यात गुंडाळून ठेवलं. इच्छा सगळ्यांची एकच, आपण नासू नये. या थोर प्रवाहाच्या विरुद्ध, मुलुंड पूर्वेला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटी कुंदा टिपणीस उभी होती. तिला टिकाऊ वस्तूंनी पुरळ यायचं.

सुरुवात एका क्रीमपासून झाली. कुंदाचा नवरा चंद्रप्रकाश, म्हणजे आमचा चंदू, तेलवाहू जहाजावर इंजिनियर. सुट्टीवर येताना त्याने बायकोसाठी सिंगापूरहून क्रीम आणलं. निळसर काचेची जाड बरणी, सोनेरी झाकण, आणि आत लोण्यासारखं काहीतरी. कुंदाने ते रविवारी रात्री लावलं. सोमवारी सकाळी दूधवाला तिलाच विचारून गेला, "बाई घरात नाहीत का?"

डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. गालांवर, कपाळावर लाल पुरळ, आणि खाज अशी की बोलता बोलता ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. चंदू जहाजावर परत गेला, पुरळ मुक्कामाला राहिलं. मग कुंदाने परदेशी सोडून देशी क्रीम लावलं. तेच. शाम्पू बदलला, मानेवर उठलं. शेजारणींनी सुचवलेलं आयुर्वेदिक मलम लावलं, त्या बाटलीवर पिंपळपान होतं, पण पुरळाने पानाची भीड धरली नाही.

शेवटी आमची माणिक, म्हणजे माझी बायको, तिला ओढून घाटकोपरला डॉक्टर वनमालाबाईंकडे घेऊन गेली. बाई कातडीच्या तज्ज्ञ. त्यांनी कुंदाच्या पाठीवर बारीक पट्ट्यांच्या रांगा चिकटवल्या. प्रत्येक पट्टीखाली एकेक संशयित. पट्ट्या निघेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही, आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. कुंदाच्या सासूबाई मथुरावहिनी यांना या तपासणीत एकच गोष्ट समजली, ती म्हणजे सून दोन दिवस पारोशी राहणार.

"आणि देवाला फुलं कोणी वाहायची?" त्यांनी माणिकला विचारलं.

"तुम्ही वाहा की."

"मी रोज वाहतेच गं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

पट्ट्या निघाल्या तेव्हा गुन्हेगार सापडला. तो सुगंधात नव्हता, रंगातही नव्हता. वनमालाबाईंनी समजावलं, "क्रीममध्ये पाणी असतं. पाणी आलं की आज ना उद्या बुरशी येणार. ती येऊ नये, बरणी वर्षानुवर्षं टिकावी, म्हणून कंपन्या त्यात थोडं औषध घालतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. तुमच्या कातडीला ते सहन होत नाही."

"म्हणजे ते टिकतं म्हणून मी टिकत नाही," कुंदा म्हणाली.

बाईंनी पथ्यं सांगितली. बाटल्या-बरण्या सगळ्या बंद. तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं, पुसताना टिपायचं, रगडायचं नाही. आग होईल तेव्हा थंड पाण्यात पिळलेलं मऊ फडकं ठेवायचं. कोरडं पडलं तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली, कारण तिच्यात पाणीच नसतं, म्हणून टिकवायचं औषधही नसतं. नवीन काही वापरावंसं वाटलंच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासं लावून आठवडाभर वाट बघायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे बाई म्हणाल्या, "आणि कपाळाला काहीही नाही. बाटलीतलं गंध नाही, चिकटवायची टिकली नाही, पुडीतलं कुंकू नाही, त्याखालचं मेणही नाही. कातडी पूर्ण बरी होईस्तोवर कपाळ कोरं."

हे ऐकलं आणि मथुरावहिनी आमच्या घरी येऊन खुर्चीत बसल्या. त्यांचं स्वतःचं कपाळ सहा वर्षांपूर्वीच कोरं झालं होतं. त्यांचे यजमान श्यामसुंदर, माझा जुना मित्र शामू, एका दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. एकुलता मुलगा हा चंदू. तो तेलाच्या जहाजावर, आणि ते साल सत्त्याऐंशी. आखातात लढाई चालली होती, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांवर चिडले की मध्ये जो टँकर दिसेल त्याला भाजून काढत होते. चंदूचं जहाज त्याच पाण्यात जाणार होतं.

"भाऊ, तुम्ही शिकलेले आहात," वहिनी मला म्हणाल्या. "नवरा असा तोफांच्या तोंडी, आणि बायको कोऱ्या कपाळाने स्वयंपाकघरात फिरणार. हे बघवेल मला? त्यापेक्षा त्या डॉक्टरणीला म्हणावं, पुढचंही सगळं तूच लिहून दे."

"वहिनी, कातडी बरी झाली की लावेल ती."

"कातडी काय, मेल्यावरही बरी होते," वहिनी म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. त्यांच्या बाबतीत ही रागाची अखेरची पायरी होती.

कुंदा मात्र पथ्याला लागली. महिन्याभरात तिचा चेहरा तिला परत मिळाला. गाल स्वच्छ, डोळे जागेवर, दूधवाला पुन्हा ओळख देऊ लागला. कपाळही साफ झालं. फक्त भुवयांच्या जरा वर, बरोबर मधोमध, एक लाल ठिपका राहिला. गोल. कुंकू लावावं तेवढाच, कुंकवाच्याच जागी, आणि रंगही तोच.

वनमालाबाईंनी तो दिव्याखाली धरून पाहिला. "खाजतो?"

"नाही."

"आग?"

"नाही. उलट गार लागतो. कोणी नुकतंच बोट उचलल्यासारखा."

"काही लावताय?"

"शप्पथ नाही."

"मग हा कशाने आलाय?" बाईंनी विचारलं. डॉक्टरने हा प्रश्न पेशंटला विचारला की फी परत मागावी, असं माझं मत आहे, पण कुंदा सरळ घरी आली आणि तिने सासूला धरलं.

त्या दिवशी भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलं. आमच्या इमारतीच्या भिंती मुळी त्यासाठीच बांधल्या होत्या.

"आई, मी दुपारी पडते तेव्हा तुम्ही माझ्या कपाळाला कुंकू लावता ना? खरं सांगा."

"मी? विधवेने सुनेच्या कपाळाला बोट लावायचं? तुझ्या माहेरी असतील तसल्या रीती."

"मग कोण लावतं? दूधवाला?"

दुसऱ्या दिवसापासून कुंदा दुपारी खोलीला आतून कडी लावून झोपू लागली. उठली की ठिपका सकाळपेक्षा ताजा. माणिकने ओला कापूस घेऊन तो घासून पाहिला. कापूस पांढराच्या पांढरा. मग तिने माझं बारीक अक्षर वाचायचं भिंग नेलं आणि परत आली ती गप्प होती. माणिक गप्प असणं ही आमच्याकडे बातमी असते.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्ही या. मला जे दिसलं ते तुम्हाला दिसतंय का बघा."

कुंदा खिडकीपाशी उजेडात बसली होती. मी भिंग धरलं. लाल ठिपक्यात रेषा होत्या. बारीक, गोल गोल फिरत आत गेलेल्या, अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकावा तशा. बोटाचा ठसा. बायकी बोट नव्हतं, रुंद होतं. आणि त्या रेषांना आडवी छेदत एक पांढरी चीर गेली होती.

कुंदाने विचारलं, "काय आहे हो, भाऊकाका?"

"काही नाही," मी म्हटलं. "कातडीची ठेवण." हे वाक्य मी कोणत्या शास्त्राच्या आधाराने म्हटलं ते मला आजतागायत माहीत नाही.

मथुरावहिनींनी माझ्या हातातून भिंग घेतलं. त्या वाकल्या. खूप वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी भिंग पदराने पुसून मला परत दिलं, आणि मी घरी निघालो तेव्हा माझ्यामागून जिन्यापर्यंत आल्या.

"विळीवर फणस कापताना ह्यांचं बोट कापलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे, अनामिकेचं. टाके घालायला नको म्हणाले. आडवी खूण राहिली होती."

"कुणाचं?"

"कुणाचं काय विचारता? तुमच्या मित्राचं."

दुपारची वेळ होती. खाली कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. अशा वेळी माणसाच्या पाठीवरून थंडगार काही सरकू नये, पण सरकलं.

"सहा वर्षं झाली भाऊ," वहिनी म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात भीती नव्हती, दुसरंच काही होतं. "सहा वर्षांत एकदा माझ्या स्वप्नात आले नाहीत. किती वेळा म्हटलं, तेवढं बँकेचं पासबुक कुठे ठेवलं होतं ते तरी सांगून जा. नाही आले. आणि सुनेच्या कपाळाला रोज बोट!"

मेलेल्या नवऱ्याचा असा राग करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या दिवसापासून टिपणिसांच्या घरात कुंदाचं कपाळ हा हवामानखात्याचा फलक झाला. वहिनी सकाळी उठून आधी देव बघायच्या आणि मग सुनेचं कपाळ. ठिपका गडद असला की त्या दिवशी आमटीला नीट फोडणी पडायची. फिका असला की त्या देवापुढे बसून राहायच्या. त्यांचं म्हणणं असं, की ठिपका फिका होतो तेव्हा ते इथे नसतात. तिकडे गेलेले असतात. पोराकडे.

कुंदा हसायची. "आई, ही ॲलर्जी आहे. डॉक्टर शोधतील कशाची ते. मला हा डाग घालवायचाय आणि कुंकू मी माझ्या हाताने लावणार आहे."

मग चंदूचा फोन आला. मजल्यावर फोन एकट्या आमच्याकडे, त्यामुळे समुद्रावरून येणारं प्रेम, काळजी, आणि कोकमं पाठवू नका असे निरोप आधी माझ्या कानातून जायचे. जहाज आखाताच्या तोंडाशी, फुजैराच्या बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं होतं. आखातात शिरायचा हुकूम यायचा होता.

"मी झकास आहे गं," चंदू ओरडून सांगत होता, इतका की माझ्या हॉलमधल्या सगळ्यांना वेगळं सांगायची गरज पडली नाही. "मंगळवारी तेवढी वाट लागली असती. मी उभा असतो ना, त्याच जागी वाफेचा पाइप फुटला. नेमका मी वर चहा घ्यायला गेलो होतो. कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून गेलो. वर बघतो तर कोणीच नाही यार."

कुंदाने फोन ठेवला. सासूकडे वळली.

"आई, मंगळवारी माझं कपाळ कसं होतं?"

"फिकं," वहिनी म्हणाल्या. "कधी नव्हे इतकं फिकं."

 माणिकने रेडिओ लावला, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं.

त्यानंतर कुंदा घाटकोपरला गेली नाही. वनमालाबाईंनी निरोप पाठवला, तरी गेली नाही. आधी तिला तो ठिपका जायला हवा होता, आता तो जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. हातात छोटा आरसा घेऊन ती घरभर फिरायची. भाजी निवडताना आरसा परातीच्या कडेला टेकवलेला. कुकरची शिट्टी झाली की आधी आरशात बघायची, मग गॅस बंद करायची. सासू देवघरातून विचारायची, "आहे का गं?" आणि ही ओट्यापासून सांगायची, "आहे."

जहाज येत्या गुरुवारी आखातात शिरणार, एवढं कंपनीच्या ऑफिसातून कळलं. दुसऱ्या दिवशी ठिपका फिका पडायला लागला.

आता जे झालं ते माणिकने प्रत्यक्ष पाहिलं. ती वाटीभर शिरा द्यायला गेली तर दार उघडंच होतं. कुंदा पाटावर बसली होती आणि मथुरावहिनी गोदरेजच्या कपाटातून निळसर काचेची बरणी काढत होत्या. सिंगापूरचं क्रीम. पहिल्याच दिवशी ते फेकायचं ठरलं होतं, पण वहिनींनी फेकलं नव्हतं. फॉरेनची वस्तू कोणी फेकतं का? सून लावू शकत नाही, हा काही बरणीचा दोष नव्हता.

झाकण उघडलं. आतलं क्रीम जसंच्या तसं होतं. कुंदाने पहिल्या रात्री घेतलेल्या बोटाचा खड्डासुद्धा तसाच, कडा न ढासळलेला. एवढ्या उकाड्यात त्याला ना वास, ना बुरशी, ना पाणी सुटलेलं. त्या घरात तेवढी एकच वस्तू अशी होती जिच्यावर मधल्या दिवसांचा काहीही परिणाम झाला नव्हता.

"कुंदा!" माणिक ओरडली. "वेड लागलं का गं तुला?"

"थोडंसंच लावतेय, माणिककाकू. तेवढ्या जागेवरच. लाल राहायला पाहिजे ना ते."

"अगं डोळे जातील तुझे! आणि मथुरावहिनी, तुम्ही हातात आणून देताय?"

वहिनींनी बरणी कुंदाच्या आणखी जवळ सरकवली. कुंदा बोलली. फार शांतपणे बोलली.

"खाजेने कोणी मरत नाही, काकू."

माणिक शिऱ्याची वाटी तशीच घेऊन परत आली.  मी जाऊन टिकवायचं औषध, बुरशी, पाठीवरच्या पट्ट्या, सगळं पुन्हा समजावलं. कुंदाने सगळं कबूल केलं. ती बीएस्सी होती, माझ्यापेक्षा जास्त समजत होतं तिला. "मला माहितीये हो, भाऊकाका. याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण समजा मी लावलं नाही, आणि मग तिकडे काही झालं, तर मला पटेल का संबंध नाही म्हणून?"

बुद्धिवादाचा इतका सपशेल पराभव मी मुलुंडमध्ये तरी पाहिला नव्हता.

तीन-चार दिवसांत तिचा चेहरा पुन्हा गेला. पुरळ कपाळभर, मग पापण्यांवर, मग गालांवरून गळ्यापर्यंत उतरलं. तरी ती लावत होती. आरशात बघायला एक डोळा पुरतो म्हणाली. आणि गुरुवारी सकाळी मथुरावहिनींनी आमचं दार वाजवलं. वाजवलं म्हणजे, हात टेकला आणि तिथेच ठेवला.

मी गेलो. कुंदा खिडकीपाशी बसली होती. सगळं तोंड लाल, सुजलेलं, चकचकीत. आणि कपाळाच्या मधोमध, ज्या एका जागेवर ती दिवसातून कितीदा ते क्रीम दाबत होती, त्याच जागेवर, एक स्वच्छ, गोल, कोरा ठिपका. तान्ह्या मुलाच्या कातडीसारखा. लाल भिंतीवरून तसबीर काढून घेतल्यावर राहतो तसा.

मी भिंग घेऊन गेलो होतो. लावून बघायचा धीर झाला नाही.

"गेले," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, असं काही..."

"तिकडे गेलेत ते. ते ठाऊक आहे मला. पण भाऊ, पोराला न्यायला गेलेत की सोडवायला, ते कसं कळणार?"

शामू जिवंत असतानाही कुठे आणि कशाला जातो ते सांगून जात नसे. पण हे तेव्हा बोलून दाखवण्याची वेळ नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळच्या बातम्यांत एक ओळ आली. आखातात एका तेलवाहू जहाजावर हल्ला, यंत्रकक्षात स्फोट, जहाज पेटलेलं. जहाजाचं नाव सांगितलं, आणि ते चंदूच्याच जहाजाचं होतं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. एवढा सभ्य माणूस फोनवर भेटला की समजावं, बातमी चांगली नाही. "आगीचं कळलंय साहेब. माणसांची नावं अजून आलेली नाहीत. आली की आम्ही लगेच..."

शनिवारचा दिवस दोघींनी आमच्या हॉलमध्ये काढला, फोनकडे तोंड करून. वहिनी भिंतीला टेकून, कुंदा खाली जमिनीवर. तिच्या डोळ्यांवर माणिकने थंड फडकं ठेवलं होतं, ते गरम झालं की बदलत होती. निळी बरणी माणिकने स्वतः नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा दोघींपैकी कोणीही अडवलं नाही. आता तिचं काम उरलं नव्हतं. इमारतीतली माणसं येत होती, दारात चपला काढत होती, थोडा वेळ बसत होती, जात होती. म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. अशा दिवशी मुंबईत कोणी दार लावत नाही.

दिवेलागणीची वेळ झाली. माणिक देवापाशी दिवा लावायला उठली आणि दाराकडे बघून थांबली.

दारात चंदू उभा होता.

हातात एक छोटी बॅग. दाढी वाढलेली. आमच्या जिन्यातला दिवा नेहमीसारखा गेलेला होता, त्यामुळे त्याच्यामागे नुसता अंधार होता. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही. माणिकने पहिल्यांदा त्याचे पाय बघितले. पाय सरळ होते, पण बुटात होते, त्यामुळे खात्री देता येत नव्हती.

"काय झालं?" चंदू म्हणाला. "आमच्या दाराला कुलूप बघून इकडे आलो. सगळे इकडे काय करताय?"

तो आत आला. ट्यूबलाइटच्या उजेडात आला. त्याच्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, बरोबर मधोमध, लाल गोल ठिपका होता.

कुंदाने डोळ्यांवरचं फडकं काढलं. तिला एकाच डोळ्याने दिसत होतं, पण दिसलं. ती उठली, भिंत धरत धरत त्याच्यापर्यंत गेली आणि तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला, पीळ देऊन.

"आई गं! अगं काय हे? आणि तुझं तोंड असं का झालंय?"

"कपाळाला काय झालंय रे तुझ्या?" वहिनींनी विचारलं. त्या जागेवरून हलल्या नव्हत्या. आवाज फक्त हलला.

"त्याचंच सांगतोय ना. गुरुवारी सकाळी दाढी करायला आरशात बघितलं तर हे. दुखत नाही, खाजत नाही. पण आमचा कॅप्टन एक नंबरचा भित्रा. म्हणे कांजिण्या. म्हटलं साहेब, एकाच फोडाच्या कांजिण्या कुठे असतात? ऐकेना. सगळ्या जहाजाला लागेल म्हणाला. फुजैराला लाँच बोलावली, बॅग टाकली आणि मला उतरवूनच दिलं. एजंटने डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला काही नाही, जा घरी. विमानात बसवलं. जहाज गेलं पुढे. आतापर्यंत पोचलंही असेल."

 चंदू एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला कोणी तरी सांगायला हवं होतं, आणि ते कोणी तरी मीच असणार हे मला दिसत होतं. वहिनींनी हळूहळू हात जोडले, पण देवाच्या दिशेने नाही. कुठल्या दिशेने ते त्यांनाही ठरवता येत नसावं. हॉलच्या एका कोपऱ्याकडे, जिथे शामू आला की नेहमी बसायचा, तिकडे त्यांनी नजर टाकली, आणि पदर नीट केला.

"चंदू, बस जरा," मी म्हटलं. "सांगायचंय एक."

"सांगा ना, भाऊकाका," चंदू मान आणि कोपर एकदमच खाजवत म्हणाला. "पण आधी ते दार लावा हो. डास येतायत."